घागरीला भाव, घोड्याला वाट
(भुसावळ येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापूस झाला, केळी झाली, वीजबिलं झाली. आता जो विषय घेतो आहोत, तो ऐकून काही जण हसतील. विषय आहे गावात राहण्याचा आनंद. आंदोलनाच्या बैठकीत हे कशाला, असं कुणी विचारेल. आमचं म्हणणं असं की आनंद हाही एक माल आहे. तो कुणी तरी पिकवतो, कुणी तरी घडवतो आणि दुसराच कुणी तरी भोगतो. आणि माल म्हटला की आपले दोन प्रश्न ठरलेले आहेत. खर्च किती आला? भाव काय मिळाला?

थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या गाड्या आपल्याकडे वळतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी, बांधावर पंगत. पाहुणे पोटभर जेवतात आणि जाताना म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची!" त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्या वांग्याचं भरीत त्यांनी खाल्लं, त्याला बाजारात काय मिळालं, हे विचारायचं त्यांना सुचत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण बाजारात भाव निघतो तो आवक बघून, मानांकनाचा कागद बघून नाही.

२०२० साली राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यातून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येत असतील तर आमचा काही विरोध नाही. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. पाहुण्यांना दाखवायला अंगणात बसवलेला कुंभार वेगळा आणि चाकावर घर चालवणारा कुंभार वेगळा. पहिला वाढला आणि दुसरा संपला, तर गाव राहत नाही, गावाचा देखावा राहतो.

घागरीचा उत्पादन खर्च

आखाजीचंच घ्या. खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, सालदाराचं नवं साल सुरू होतं. त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरायची आणि तिच्यावर मातीचं लहान भांडं, खरबूज, सांजोऱ्या, आंबे ठेवायचे. ही घागर नवी लागते आणि मातीचीच लागते. पुरणाचे मांडे करायचे तर उपडं खापर लागतं. पोळ्याला मातीचे बैल लागतात. आपल्या सणांचा अर्धा बाजार कुंभारवाड्यात भरतो.

आता आपण कापसाचा हिशेब करतो तसा घागरीचा करू. चिकण माती लागते. ती लांबून आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची. तिच्यात राख आणि घोड्याची नाही तर गाढवाची लीद मिसळायची. चाकावर घागरीचा गळा आणि जाड अंग तयार होतं. नंतर आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत घागर वाढवायची. मग सावलीत सुकवायची. सुकली की आव्यात रचायची आणि जळण लावायचं. आवा उघडला की काही घागरी तडकलेल्या निघतात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळा माल पुन्हा चिखल. त्याचा ना विमा, ना पंचनामा.

माती, वाहतूक, लीद, जळण, तूटफूट, घरच्या माणसांची मजुरी आणि पावसाळ्यात चाक बंद असतं तेव्हाचा खर्च, हे सगळं मांडा. कुंभाराच्या घरात माती कालवणारी आणि तुडवणारी बहुतेक घरची बाई असते. तिचे तास कुणी मोजत नाही. १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बायांच्या कष्टाचा हिशेब मांडला गेला, तोच हिशेब या घरालाही लागू आहे. कापसाला उत्पादन खर्चावर भाव मागणारा शेतकरी घागर घेताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा तो व्यापाऱ्याच्याच खुर्चीत बसलेला असतो. सरकारनं आपल्याशी जे केलं, ते आपण कुंभाराशी करायचं नाही.

कुणी म्हणेल, फ्रीज आला, प्लास्टिकचे माठ आले, आता घागर कुणाला हवी? भुसावळचा मे महिना आम्ही सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. घागर विजेवर चालत नाही. तिच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून पाणी थोडं थोडं पाझरतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी गार. म्हणून घागर कोकणापेक्षा खानदेशात जास्त कामाची. आणि ही छिद्रं येतात कुठून? मातीत मिसळलेली लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळी राहते. म्हणजे आपल्या गार घोटात घोड्या-गाढवाचाही वाटा आहे.

हे ज्ञान आजचं नाही. शहाद्याजवळच्या सावळदा गावी तापीकाठी रंगवलेली खापरं सापडली, त्यावरून पुरातत्त्वाच्या जाणकारांनी एका संस्कृतीचं नावच सावळदा संस्कृती ठेवलं. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. १९५० च्या दशकात तापीकाठी प्रकाशे आणि गिरणाकाठी बहाळ इथं उत्खनन झालं, तिथंही जुनी खापरं निघाली. राजे आले आणि गेले, त्यांचे वाडे पडले. कुंभाराचं खापर मात्र मातीत शाबूत राहिलं.

घोड्यावरचं बिऱ्हाड

आता घोड्याकडे येऊ. साक्री आणि धुळ्याच्या बाजूचे ठेलारी आपल्या शिवारातून जातात, ते तुम्ही पाहिले आहेत. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन निघायचं आणि पाऊस जवळ आला की परतायचं. सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. बाज, भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू आणि कधी कधी वर बांधलेलं लहान लेकरू. रस्त्यावरून जाणारे मोटारीतून फोटो काढतात. फोटोत वाट दिसते, पण वाटेतले ट्रक, मेंढ्यांची चोरी, जंगलखात्याची अडवणूक आणि शाळेपासून तुटलेलं पोर दिसत नाही.

या माणसांशी आपलं नातं व्यवहाराचं आहे आणि त्यात कमीपणा नाही. मेंढ्या शेतात बसवल्या की लेंडी आणि मूत जागेवर पडतं. पूर्वी त्याबद्दल धान्य देत, आता रोख देतात. खताच्या गोणीचा भाव बघा आणि एका रात्रीच्या लेंडीखताची किंमत करा. दुसरा फायदा कापसाचा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं राज्यातला कापूस कसा खाल्ला, ते सांगायला नको. वेचणी संपली की शेतात शेळ्या-मेंढ्या चारा, म्हणजे राहिलेल्या बोंडांतली अळी संपते, हा सल्ला शेतीखातंच देतं. तो सल्ला पाळायचा तर मेंढ्या हव्यात, मेंढ्या हव्यात तर ठेलारी हवा आणि ठेलाऱ्याला घोडा हवा.

घोडे मात्र संपत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते. २०१९ च्या गणनेत ते साडेतीन लाखांच्याही खाली आले. गाढवं तर सव्वातीन लाखांवरून सव्वा लाखाच्या आत आली. कुंभाराची माती वाहणारं जनावर आणि मेंढपाळाचं बिऱ्हाड वाहणारं जनावर एकाच वेळी कमी होतंय.

जिथं गिऱ्हाईक आहे तिथं चित्र वेगळं आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाबपर्यंतचे घोडे येतात. जाणकार दात बघतात, चाल बघतात, देवमण आहे का बघतात, पंचकल्याणी असेल तर थांबतात. एकेका घोड्याचा सौदा लाखांत होतो. अलीकडे यात्रेला चेतक महोत्सवाची जोड मिळाली. तो बाजार कुणाच्या दयेवर उभा राहिला नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर येतात आणि भाव मोकळेपणानं ठरतो, म्हणून तो टिकला. मिरवणुकीच्या घोड्याला जी किंमत येते, ती ओझं वाहणाऱ्या तट्टाला येत नाही, एवढं मात्र खरं. तट्टाची किंमत मेंढपाळाच्या धंद्यावर आहे. तो धंदा राहिला तर तट्टू राहील.

कर्ज फेडायला भाव लागतो

आपल्या भुसावळ जंक्शनवर रोज किती चहा विकला जातो, याचा नुसता अंदाज करा. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्टेशनांवर मातीच्या कुल्हडात चहा द्यायची घोषणा केली. २०२० साली दुसऱ्या रेल्वेमंत्र्यांनी तीच घोषणा पुन्हा केली. पहिली टिकली असती तर दुसरी करावी लागली नसती. ती टिकली नाही, कारण हुकूम निघाला, पण कुंभाराला परवडणारा भाव आणि वेळेवर पैसे यांची हमी निघाली नाही. २०२३ साली विश्वकर्मा योजना आली. त्यात कुंभार आहे, अवजारांसाठी १५ हजार आहेत, दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज आहे. मिळत असेल त्यानं घ्यावं. पण कर्ज कशानं फेडायचं, हा प्रश्न शेतकऱ्याइतका कुणाला कळणार? कर्ज फेडायला भाव लागतो.

भाव मिळाला की कारागीर स्वतःच वाट काढतो. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांनी २००१ च्या भूकंपानंतर विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज तयार केला आणि तो देशभर विकला. ते कुंभाराच्याच घरातले. त्यांना कुणी संग्रहालयात बसवलं नाही. त्यांनी गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू केली आणि तिची किंमत घेतली.

इथून जवळच फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या सामानातून मंडप सजवला. खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. त्याच अधिवेशनात शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रमही मांडला गेला. पुढं झालं असं की प्रदर्शनं दरवर्षी भरत राहिली आणि कार्यक्रम कागदावर राहिला. गावाचं कौतुक करणारे वाढले, गावचा माल त्याच्या किमतीला घेणारे वाढले नाहीत.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती. माजघरशेतीचा अर्थ असा की कच्चा माल तसाच बाहेर जाऊ द्यायचा नाही, घरात त्याच्यावर काही करून मग विकायचा. माती ते घागर हाही तोच प्रवास आहे. शेतकऱ्याच्या आणि कुंभाराच्या हिशेबाची वही एकच आहे, पानं तेवढी वेगळी.

करायचं काय

बोलून घरी जायचं नाही. चार कामं सांगतो.

पहिलं. गावोगावच्या आपल्या शाखांनी संक्रांतीलाच कुंभाराकडे जाऊन आखाजीच्या घागरी आणि खापरं सांगून ठेवावीत आणि विसार द्यावा. भाव त्याच्यासमोर बसून, खर्च मांडून ठरवावा. ठरला की घासाघीस नाही.

दुसरं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे. आपल्या भागात जिथं तलावाचा गाळ निघेल, तिथं कुंभारकामाच्या चिकण मातीचा वाटा आधी बाजूला काढावा. ग्रामसभेत तसा ठराव करून घ्यावा.

तिसरं. ठेलारी येण्याआधी गावानं बैठक घ्यावी. कोणत्या शेतात किती रात्री मेंढ्या बसणार, रोख किती, पाणी कुठं, घोड्यांना वाट कुठून, हे लिहून ठरवावं. उभ्या पिकाची नासाडी झाली तर भरपाई किती, तेही आधीच लिहावं. नंतरच्या भांडणापेक्षा आधीचा करार स्वस्त पडतो.

चौथं. गाव बघायला येणाऱ्यांना हात जोडून बोलवा. पाणी फुकट द्या, ती आपली रीत आहे. पण घागर विकत द्या, भरीत विकत द्या, घोड्यावरची फेरी विकत द्या आणि दराची पाटी दारात लावा. त्यातला वाटा ज्याच्या हातचं काम आहे त्याच्या हातात त्याच दिवशी पडला पाहिजे.

भावांनो, गावात राहणं ही शिक्षा आहे, असं आपली पोरं म्हणू लागली आहेत. त्यांना भाषणं देऊन थांबवता येणार नाही. आखाजीचा झोका, खापरावरचा मांडा, घागरीचं पाणी, शिवारातून जाणारे घोडे, हे सगळं त्यांनाही आवडतं. पण आवडीवर घर चालत नाही. ज्या दिवशी कुंभाराचा मुलगा सांगेल की चाकावर माझं भागतं, मेंढपाळाची मुलगी सांगेल की घोडे आहेत आणि माझी शाळाही आहे आणि शेतकऱ्याचा मुलगा सांगेल की कापसात माझा खर्च निघून वर चार पैसे उरतात, त्या दिवशी गावात राहायला कुणाची समजूत काढावी लागणार नाही.

ही चार कामं ठराव म्हणून मांडतो आहोत. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावात यातलं काय झालं, ते लिहून आणावं.