चित्रण : सलग ओळींचे की एकाआड ओळींचे?

(प्रसिद्धीकार्याशी संबंधित अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



ग्रामसभेचे कामकाज, शाळेतील नमुना पाठ, पाणलोटाची कामे, जत्रेतील गोंधळ या साऱ्यांचे चित्रण करण्याची जबाबदारी आता आपल्यापैकी अनेकांवर येऊन पडली आहे. कॅमेऱ्यातील पर्यायांची यादी उघडली म्हणजे 50आय, 25पी, 50पी अशी अक्षरे दिसतात आणि बहुतेक जण ती यादी तशीच मिटवून टाकतात. माझे आजचे सांगणे या दोन अक्षरांपुरतेच आहे. प्रकाश कमी पडला तर पुढे काही अंशी सावरता येतो. परंतु या ठिकाणी झालेली निवड मागाहून पूर्णपणे बदलता येत नाही.

'आय' म्हणजे इंटरलेस्ड, अर्थात एकाआड एक ओळींची पद्धत. 'पी' म्हणजे प्रोग्रेसिव्ह, सर्व ओळी सलग टिपण्याची पद्धत. दूरचित्रवाणीच्या आरंभकाळी अभियंत्यांपुढे मोठा पेच होता. चित्रनलिकेवरील चमक क्षणात मावळते, म्हणून सेकंदाला पंचवीसच चित्रे दाखविली तर पडदा लुकलुकतो. आणि पन्नास पूर्ण चित्रे पाठवावयाची तर प्रक्षेपणास दुप्पट जागा लागते. त्यावर तोडगा निघाला तो असा की, प्रथम विषम क्रमांकाच्या ओळी पाठवाव्यात, नंतर सम क्रमांकाच्या. जर्मनीत फ्रिट्झ श्रोटर आणि अमेरिकेत रँडॉल बॅलार्ड यांनी 1930 च्या सुमारास ही कल्पना मांडली. आपल्या देशात 625 ओळींची व सेकंदाला 50 अर्धचित्रांची पद्धत रूढ झाली. त्यांपैकी 576 ओळी प्रत्यक्ष चित्राच्या. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, त्यानंतर महाराष्ट्राने कित्येक वर्षे जे पाहिले ते या अर्ध्या-अर्ध्या चित्रांतून. युक्ती खरोखर नामी होती, हे मान्य केलेच पाहिजे. चित्रपटगृहात तोच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता : सेकंदाला 24 चित्रे, परंतु प्रत्येक चित्रावर प्रकाश दोनदा टाकावयाचा.

चित्रनलिका गेली. आजचे सपाट पडदे, संगणक आणि भ्रमणध्वनी सर्व ओळी एकत्र दाखवितात. तेव्हा दोन निरनिराळ्या क्षणी टिपलेली अर्धचित्रे एकत्र सांधण्याचे काम यंत्राला करावे लागते, आणि घोटाळा होतो तो येथेच.

कबड्डीचे उदाहरण घ्या. चढाई करणाऱ्या खेळाडूचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने मध्यरेषेकडे झेपावतो असे धरू. एका अर्धचित्रापासून दुसऱ्यापर्यंत सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. तेवढ्यात हात दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. दोन्ही अर्धचित्रे एकाच चित्रात सांधली की विषम ओळींवर हात एका जागी, सम ओळींवर दहा सेंटिमीटर पुढे. कडेला फणीचे दात उमटल्यासारखे दिसते. हात रेषेला लागला की नाही, हा वाद अशा चित्रावरून कसा मिटावा? 50पी मध्ये मात्र दर पन्नासाव्या भागाला पूर्ण चित्र मिळते. 25पी मध्ये प्रत्येक चित्र सलग असले तरी दोन चित्रांत हात वीस सेंटिमीटर उडी घेतो. म्हणून खेळ, लेझीम, बैलांची दौड यांसाठी 50पी घ्यावे. साठवणुकीस जागा अधिक लागते, ती लागू द्यावी.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची आहे. देवनागरी अक्षरांवर आडवी शिरोरेषा असते. फळ्यावरील अथवा सूचनाफलकावरील बारीक शिरोरेषा चित्रात एकाच ओळीएवढी पडली, तर एकाआड ओळींच्या पद्धतीत ती एका अर्धचित्रात असते व पुढच्यात नसते. परिणामी शब्दाचा माथा सेकंदाला पंचवीस वेळा थरथरतो. बारीक आडव्या काठाच्या साडीचीही तीच गत होते. तेव्हा मुलांना फळ्यावरचा मजकूर वाचावयाचा असेल तर पाठाचे चित्रण सलग पद्धतीनेच करावे. ग्रामसभेत अंदाजपत्रकाचे आकडे भिंतीवर लावलेले असतात. ते उद्या कोणास तपासावयाचे झाले तर अक्षर स्थिर हवे, हे सदस्यांना निराळे सांगावयास नको.

भाषण, मुलाखत, पाठ यांना 25पी पुरते. मात्र कॅमेरा भराभरा फिरवू नये. या पद्धतीत चित्र हिसके देत सरकते. तिपाई वापरावी आणि फिरवावयाचाच तर सावकाश फिरवावा. चित्रपटासारखे दिसावे या हौसेने लग्नाच्या वरातीपासून नालेसफाईपर्यंत सर्वत्र 25पी वापरणारे उत्साही लोक आढळतात. हौसेला आमचा विरोध नाही. पण नालेसफाईतही फावडे चालत असते.

50आय चा आग्रह एकाच कारणाने धरावा : चित्रण ज्या वाहिनीकडे जाणार तिने तसे लेखी मागितले असेल तर. तेथेही स्थिर विषयाला 25पी चालते, कारण पूर्ण चित्राच्या ओळी विषम व सम अशा विभागून पाठविता येतात आणि पलीकडे त्या जशाच्या तशा जुळतात. उलट मार्ग मात्र असा सरळ नाही.

आणखी एक खबरदारी. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची आहे, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीअधिक उजळते. कॅमेरा 60 च्या पद्धतीवर ठेवला व शटर साठाव्या भागावर राहिले, तर सभागृहाच्या चित्रात पट्टे किंवा थरथर दिसू लागते. शटर पन्नासाव्या अथवा शंभराव्या भागावर ठेवावे.

आता जुन्या फितींविषयी. मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती त्यांची. डीव्ही कॅमेरे 1995 पासून बाजारात आले. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले त्या काळात गावोगावचे चित्रण ज्यांनी अशा कॅमेऱ्यांवर केले, त्यांच्या कपाटात आज एकाआड ओळींच्या फिती आहेत. त्यांत हागणदारीमुक्तीची पहिली सभा असेल, आता हयात नसलेल्या एखाद्या वृद्ध गोंधळ्याचा आवाज असेल. या फिती उतरविताना घाईने 'लहान आकार' निवडला जातो. 576 ओळींचे चित्र अर्धचित्रे न सोडविता 480 ओळींत बसविले की विषम-सम ओळी एकमेकींत मिसळतात. फणीचे दात मग कायमचे चित्रात रुततात व कोणताही तंत्रज्ञ ते नीट काढू शकत नाही.

यास्तव फीत प्रथम जशीच्या तशी संगणकात उतरवावी. डीव्हीच्या एका तासाला सुमारे 13 जीबी जागा लागते. आज ती दुर्मिळ नाही. ही मूळ प्रत कोणीही हलवू नये, तिच्यावर काही लिहू नये. पाहण्यासाठीची प्रत तिच्यावरून स्वतंत्र तयार करावी आणि ती सेकंदाला 50 चित्रांची करून घ्यावी. 25 ची केल्यास अर्धी हालचाल गळून पडते. काम बाहेर देत असाल तर हे आदेशपत्रातच नमूद करावे. डीव्हीमध्ये सम-विषमांपैकी खालचे अर्धचित्र आधी येते, तर 1080 ओळींच्या एकाआड चित्रणात वरचे आधी. हा क्रम उलटला की चालणारा माणूस पुढे-मागे डुलत चालल्यासारखा दिसतो. तयार प्रत ताब्यात घेताना कोणी चालत असलेला प्रसंग लावून पाहावा, एवढ्याने दोष कळतो.

फितीच्या डबीवर गाव, तारीख व प्रसंग यांची नोंद आपण करतोच. तिच्या शेजारी यापुढे 50आय, 25पी की 50पी हेही लिहावे.