यूरिक ॲसिड आणि आपले हृदय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सणासारख्या दिवशी आजाराच्या गोष्टी कसल्या, असे कोणी म्हणेल. पण इंदापूरच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंची हकीकत ऐका. पायाचा अंगठा सुजला म्हणून तपासणी केली, तर यूरिक ॲसिड वाढलेले निघाले. कोणी सांगितले म्हणून त्यांनी डाळ सोडली. रक्तदाबाच्या गोळीने यूरिक वाढते असे ऐकून गोळीही सोडली. चार महिन्यांनी एका पहाटे छाती दाटून आली, कळ जबड्यापर्यंत गेली. पित्त समजून त्या सोडा प्याल्या. तो हृदयविकाराचा झटका होता. दैव बलवत्तर म्हणून वाचल्या.

हे यूरिक आहे तरी काय? शरीरातील पेशींची झीज आणि आपले अन्न यांतून ते रोज तयार होते. सुमारे दोन तृतीयांश लघवीवाटे जाते, उरलेले आतड्यांवाटे. आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या चारीत गाळ साचला की पाणी तुंबते ना, तसेच मूत्रपिंडांतून निचरा कमी झाला की यूरिक रक्तात साचते. बहुतेकांचे दुखणे हे निचऱ्याचेच असते.

आणि निचरा कशाने घटतो? वाढलेला रक्तदाब, पोटावरची चरबी, मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती, थकलेली मूत्रपिंडे यांनी. हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडवणारी मंडळीही हीच! म्हणून यूरिक आणि हृदयविकार पुष्कळदा जोडीने दिसतात. पण जोडीने दिसणारा प्रत्येक जण चोर नसतो. २०२२ साली ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साठी ओलांडलेल्या सुमारे ५,७०० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना यूरिक उतरवणारे ॲलोप्युरिनॉल दिले होते. त्यांचे झटके काही कमी झाले नाहीत. संधिवातासाठी ते औषध लागते, ती गोष्ट वेगळी.

आपणा बायकांना पाळी असेतो शरीरातील संप्रेरके या निचऱ्याला हातभार लावतात. पाळी गेली की यूरिक चढते, आणि हृदयाचा धोकाही त्याच वयात वाढू लागतो. म्हणून तो आकडा म्हणजे दारावरची थाप समजा. दार उघडून रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंडे तपासून घ्या.

लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी यूरिक चढते, हे खरे. पण गोळी बदलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने ती सोडू नका. वरणभाताला भिऊ नका. भ्यायचे तर चहातल्या साखरेला भ्या. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा, आणि त्याने यूरिक वाढते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या मुलखात हे बोलणे धाडसाचेच! गूळही त्याच उसाचा, हे विसरू नका. उन्हात खुरपायला जाताना पाण्याची कळशी जवळ ठेवा.

आणि छाती, जबडा किंवा पाठ भरून आली, दम लागला, दरदरून घाम सुटला, तर सोडा शोधू नका. १०८ ला फोन लावा. घरातल्या सगळ्यांची जेवणे उरकेपर्यंत थांबण्याची सवय आपल्याला आहे. हृदय मात्र थांबत नाही.