चोखोबांच्या नावाची शाळा
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



दिंडीला १०० वर्षं झाली. विणेकरी बाबा आम्हाला म्हणाले, आपलीच आरती ओवाळू नका, उपयोगाचं काही बोला. म्हणून आज जाईबाई चौधरींविषयी बोलतो.

पंढरीला महाद्वारात चोखोबांची समाधी आहे. आपण तिथं माथा टेकतो आणि पायरी चढून आत जातो. चोखोबांना मात्र आत जाऊ दिलं नाही.

जाईबाई त्यांच्याच समाजातल्या. जन्म १८९२ चा, उमरेडचा. दुष्काळात घर नागपूरला आलं. लहानपणीच लग्न झालं. पोटासाठी नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहिली. पुढे एका मिशनरी भगिनीनं मिशनच्या शाळेत शिकवायचं काम दिलं, महिना ४ रुपये. पण अस्पृश्य बाई शिकवते हे कळलं आणि लोकांनी कालवा केला. नोकरी गेली. पुन्हा डोक्यावर ओझं आलं.

बाई तिथं थांबल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात स्वतःच मुलींची शाळा काढली. नाव दिलं चोखोबांचं! अपमान सोसलेल्या बाईला आधार वाटला तो आपल्याच संताचा, हे ध्यानात घ्या. आणि पंढरीचं देऊळ? ते सर्वांना उघडायला आणखी २५ वर्षं गेली. १९४७ साली साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं.

१९३७ साली महिलांच्या एका परिषदेत अस्पृश्य मानलेल्या भगिनींना जेवायला वेगळं बसवलं. जाईबाईंनी त्याचा जाहीर निषेध केला. माउली, आमच्या दिंडीतही जुन्या काळी एक पंगत वेगळी बसायची. वाटेनं चोखोबांचे अभंग गायचो आणि मुक्कामाला त्यांच्याच लेकरांना बाजूला बसवायचो. पंगत आता एक झाली. पण ती गोष्ट या ग्रंथात लिहिली नाही, तर १०० वर्षांचा हिशेब खोटा ठरेल.

एकच मागणं आहे. शताब्दीचा निधी शिल्लक आहे. कुणी म्हणतं कमान बांधा, कुणी म्हणतं पालखीला चांदी लावा. आम्ही म्हणतो, दिंडीतल्या ज्या घरांत मुलीची शाळा पैशापायी सुटायला आली आहे, तिथं आधी तो द्या. समाधीपुढं माथा टेकतोच आहोत, आता चोखोबांच्या नावानं एवढं करू या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!