वेखंडाचे छोटे कूळ
(मंडळाच्या सभेतील भाषण)



बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्या शेजारी वेखंड असतेच. पण त्याचे झाड आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहे?

ते पाणथळ जागी वाढते. पाने तलवारीसारखी लांब. चुरगळली की सुवास येतो. बारीक, हिरवट-पिवळी फुले बोटाएवढ्या कणसावर दाटीने बसतात. पूर्वी त्याला अळू-सुरणाच्या कुळात धरीत. पण अळूची खाज आणणारे सुईसारखे स्फटिक वेखंडात नसतात, उलट सुगंधी तेल असते. आता त्याचे कूळ वेगळे मानतात. त्यात भावंडे दोन-चारच! परंतु भात, ज्वारी, केळ, नारळ ज्या मोठ्या वंशातले, त्यातून सर्वांत आधी फुटलेली फांदी हीच.

आपण ज्याला मूळ म्हणतो, ते आले-हळदीसारखे जमिनीतले खोड आहे. वाचा सुधारते म्हणून आपण ते बाळाला उगाळून देतो. परंतु त्याच्या तेलात बीटा-असॅरोन नावाचे द्रव्य असते. ते प्रयोगात उंदरांना पुष्कळ दिले, तेव्हा त्यांना गाठी झाल्या. अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली. शिवाय ते जास्त झाले तर उलट्या होतात. सहाणेवर दोन वेढे जास्त पडले, तर सांगणार कोण?

आजीबाईंचा मान राखूनच सांगते, डॉक्टरांना विचारल्यावाचून तान्ह्या बाळाच्या पोटात वेखंड देऊ नका. कपड्यांच्या पेटीत खुशाल ठेवा. कसर लागत नाही.