टांकसाळीची चूक आणि माझी चूक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नाण्यांवर बोलण्याइतकी मी पंडित नाही. पण पंधराशे रुपये फी भरून हा विषय शिकले आहे, म्हणून चार शब्द सांगते.

झाले असे. आपल्या सुरगाण्याच्या बाजारात सुट्या पैशांत मला एक रुपया मिळाला. त्याचा ठसा एका अंगाला सरकलेला, दुसऱ्या अंगाला कोरी चंद्रकोर. मोबाईलवर एका गृहस्थाने त्याचे तीन लाख देऊ केले आणि कराचे म्हणून पंधराशे आधी मागितले. मी भरले. पुन्हा पाच हजार मागितले, तेव्हा डोळे उघडले. आपल्या नावाने असा कर किंवा कमिशन मागणाऱ्यांना फसू नका, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावले होते. माझ्या ते गावीही नव्हते.

मग मात्र हट्टाने माहिती मिळवली. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे, तेही पाहून आले.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात आणि दोन ठशांमध्ये दाबतात. ज्या पायरीवर चूक होते, तिची खूण नाण्यावर राहते. पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर पडली तर पुरी तुटकी निघते ना? चकतीचेही तसेच, कडेचा घास गेलेला दिसतो. चकती मध्यावर बसली नाही तर माझ्या रुपयासारखा ठसा सरकतो. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर एका बाजूस नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूस तीच छाप उलटी व खोलगट उमटते. संग्राहक तिला ‘लाखी’ म्हणतात. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंच रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो. नख फिरवले की फरक कळतो.

टांकसाळीबाहेर जे घडते ती चूक नव्हे, ती नासाडी. रुळावर चेपलेले किंवा दुसऱ्या नाण्यावर ठेवून ठोकलेले नाणे लाखी होत नाही. सालाखाली शंकरपाळ्यासारखी खूण असली तर नाणे मुंबईचे, तारा असला तर हैदराबादचे, गोल ठिपका नोएडाचा आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. तेव्हा खूण नाही म्हणजे चूक, असे समजू नये. आपल्या जिल्ह्यात चांदवडला मराठेशाहीत टांकसाळ होती. तेव्हा नाणी हाताने ठोकत आणि ठसा चकतीहून मोठा असे. त्या नाण्यांवर अक्षरे तुटलेली दिसतात, ती रीतच होती.

किंमत ठरते ती चूक किती ठळक, किती दुर्मिळ आणि नाणे किती स्वच्छ यावरून. सरकलेल्या ठशात साल दिसत असेल तर भाव चढतो. मात्र चिंच लावून नाणे घासू नका. चकाकी येते आणि भाव उतरतो. माझ्या रुपयाला जाणकाराने चारशे रुपये सांगितले. तीन लाख कोठे आणि चारशे कोठे!

आता खरी गोष्ट सांगते. फसल्याची लाज वाटून मी महिनाभर कोणापाशी बोलले नाही. त्याच महिन्यात शेजारच्या वहिनींनी बचतगटाच्या हप्त्याचे दोन हजार तशाच माणसाला भरले. मी वेळीच बोलले असते तर ते वाचले असते. टांकसाळीची चूक चारशे रुपयांची. माझ्या गप्प बसण्याची चूक वहिनींना दोन हजारांना पडली.

म्हणून भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, आधी मागत नाही. आणि कोणी मागितलेच, तर भरण्यापूर्वी मंडळात येऊन सांगा. येथे कोणी हसणार नाही. तो रुपया मी विकलेला नाही. आज बरोबर आणला आहे. चहाच्या वेळी सगळ्यांनी हातात घेऊन पाहावा.