पोट लहान झालं, भूक कुठली?

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात सकाळी बेडई तळली जाते आणि वास गल्लीभर पसरतो. अशा वेळी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम दहा दिवस झालेल्या माणसाने काय करावं?

अशा शस्त्रक्रियेच्या स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. ग्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला खरी भूक बरीच मंदावते. तरीही खावंसं वाटतं. ही बहुधा सवयीची, वासाची किंवा तहानेची भूक असते. कधी आम्लाची जळजळही भुकेसारखी वाटते. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

२०११ मध्ये राजकीय नेते नितीन गडकरी यांनी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. बातमी ऑपरेशनची होते, नंतरच्या पथ्याची होत नाही! आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, तेही घोटघोट. आपल्याकडे वरणाच्या पाण्यावर फार भरवसा. पण त्यात प्रथिनं अगदी थोडी असतात, आणि दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी लागतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर टाळू नका. तीळ-गुळाची गजक मात्र दूर ठेवा: विशेषतः जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर गोडाने धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात.

आणि ताप, वाढलेली नाडी, न थांबणारी उलटी किंवा वाढती पोटदुखी असेल, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठा.