एका गोलाने हरणं, नऊ गोलांनी हरणं

फौजेतला निवृत्त अधिकारी बोलायला उभा राहिला की लोकांना विजयाची गोष्ट हवी असते. मी आज हरण्याची सांगणार आहे.

1979 साल. वडील रेल्वेत, बदली मद्रासला. ‘चेन्नई’ हे नाव अजून व्हायचं होतं. मी तिथल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला आणि फुटबॉलच्या संघात बचावफळीत. त्या मोसमात आम्ही सात सामने खेळलो, सातही हरलो. पहिले पाच एकेका गोलाने. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं: कधी पंच, कधी पाऊस, कधी गोलपोस्ट. कॉफी पिताना आम्ही एकमेकांना सांगायचो, ‘थोडक्यात हुकलं रे!’ सहाव्या सामन्यात मात्र सहा गोल खाल्ले. त्या दिवशी कुणालाच कारण सापडेना.

आमचे पीटी मास्टर ओरडले नाहीत. त्यांनी आम्हाला मैदानावरच बसवलं आणि भारतीय संघाची हकिगत सांगितली.

31 जुलै 1948. लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. कर्णधार तालिमेरेन आओ हा कोलकात्यात डॉक्टरकी शिकणारा नागा तरुण. रामनने गोल करून बरोबरी साधली, पण दोन पेनल्टी हुकल्या आणि शेवटच्या क्षणांत फ्रान्सने 2-1 असा सामना जिंकला. अनवाणी पोरांचं फार कौतुक झालं. 1951 साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदकही मिळालं. मग बूट कशाला घालायचे?

1952 साली हेलसिंकीत उत्तर मिळालं. युगोस्लाव्हिया 10, भारत 1. पंच, पाऊस, नशीब, काहीही पुढे करून तो आकडा झाकता येत नव्हता. त्यानंतर आपल्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

चार वर्षांनी मेलबर्नला रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखालचा संघ बूट घालून उतरला. मुंबईत टाटा संघाकडून खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. आपण 4-2 जिंकलो. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया! नेव्हिलने आधी गोल करून आघाडीही मिळवून दिली. शेवटी 4-1 असे हरलो, स्पर्धेत चौथे आलो. पण दहाचे चार झाले होते.

गोष्ट संपवून मास्टरांनी वही उघडली. ‘मोसमात तुम्ही तेरा गोल खाल्ले. हाफटाइमनंतरचे किती?’ अकरा होते. म्हणजे पंच नाही, पाऊस नाही. आमचा दम संपत होता. पहिल्या पाच सामन्यांतही तो संपतच होता, पण एकाच गोलाचा फरक असल्यामुळे आम्हाला तिकडे बघावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मरिनाच्या वाळूत धावायला सुरुवात केली. मऊ वाळूत पाय रुततात, पिंडऱ्या भरून येतात. तीन आठवडे धावलो. सातवा सामना 2-1 असा हरलो, पण दोन्ही गोल पूर्वार्धातले. उत्तरार्धात एकही खाल्ला नाही. पराभूत संघ म्हणूनच आमचा मोसम संपला. तरी त्या संध्याकाळी कुणी पंचाचं नाव काढलं नाही.

पुढे फौजेत प्रत्येक सरावानंतर चुकांची चर्चा व्हायची. सगळं फसलं असेल तर माझे जवान मोकळेपणाने बोलायचे. ‘साहेब, जरा उशीर झाला, बाकी ठीक होतं,’ असं कुणी म्हणालं की मी सावध व्हायचो. तो ‘जरा’ शोधायला मी तासभर घालवायचो, कारण खऱ्या मोहिमेत त्याची किंमत माणसं मोजतात.

तुमच्या घरातलं पोर परीक्षेत दोन मार्कांनी मागे पडलं, तर ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून पाठ जरूर थोपटा. पण त्यानंतर एकदा वही उघडून त्याच्यासोबत बसा.